शिंपीकाकांचा चष्मा सुटतो तेव्हा : वय झालेल्या भिंगाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

माझं डोळ्यांचं क्लिनिक तालुक्याच्या गावात आहे. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते शिंपीकाका, वय ५७. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाजारपेठेच्या बोळात त्यांचं दुकान : एक शिवणयंत्र, एक इस्त्री, भिंतीला रिळांची फळी. जूनला शाळेचे गणवेश, मग दिवाळी, मग लग्नसराई. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. बिडी आहे, दिवसाला एक बंडल. म्हणजे ते कबूल करतात तेवढी.

पहिल्यांदा आले ते "खडूची रेघ मध्येच लचकते" म्हणून. पट्टी लावून मारलेली सरळ रेघ उजव्या डोळ्याला मध्यभागी वाकडी दिसायची. उजव्या डोळ्याची नजर ६/२४ (म्हणजे निरोगी डोळ्याला २४ मीटरवरून वाचता येतं ते या डोळ्याला ६ मीटरवरून), डाव्याची ६/६, म्हणजे पूर्ण. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यबिंदूवर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झिल्ली चढली होती आणि तिने पडद्याला चुण्या पाडल्या होत्या. दोन्ही डोळ्यांच्या भिंगांत वयाला साजेशी किंचित पिवळट झाक होती, त्यापलीकडे काही नाही.

अशी झिल्ली काढायची तर डोळ्याच्या पोकळीतला पारदर्शक जेल, म्हणजे व्हिट्रिअस, आधी काढावा लागतो. हे काम माझं नाही. शहरातल्या पडद्याच्या सर्जनकडे पाठवलं. गणवेशांचा हंगाम उरकल्यावर, जुलैत, शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी सर्जनचा फोन आला : "भिंगाचं काय करू? पन्नाशी उलटलीय, सोबतच काढून कृत्रिम बसवू का?" मी म्हटलं, "भिंग स्वच्छ आहे, राहू द्या." हा निर्णय घ्यायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. तीन महिन्यांत नजर ६/९ वर आली आणि रेघ जवळजवळ सरळ झाली. नोव्हेंबरच्या तपासणीत काकांनी विचारलं, "ताकदीची एखादी गोळी?" मी लिहून दिली. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, जस्त. खोक्यावर डोळ्याचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत अँटिऑक्सिडंट. रुग्णाला रिकाम्या हाताने पाठवायला आम्हा डॉक्टरांना जड जातं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

अडचण

पुढच्या जूनमध्ये काका आले ते पेढे घेऊन. खुर्चीवर बसायच्या आधी खिशातून सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि चष्म्याशिवाय, पहिल्याच झटक्यात, ओवून दाखवली. "डॉक्टर, चष्मा सुटला! सात महिने एक गोळी चुकवली नाही." दुकानात येणाऱ्या दोन गिऱ्हाइकांनीही त्यांचं ऐकून मेडिकलमधून तीच गोळी सुरू केली होती.

पेढा हातात तसाच राहिला. एकाच डोळ्याचा जवळचा चष्मा अचानक सुटतो, तेव्हा नेत्रतज्ज्ञाच्या मनात आधी वेगळीच शंका येते. तपासणीत तीच खरी ठरली. उजव्या डोळ्याचा नंबर अधिक अर्ध्यावरून उणे पावणेतीनवर गेला होता. भिंगाचा गाभा घट्ट झाला की तो प्रकाश जास्त वाकवतो आणि डोळा लघुदृष्टीचा होतो, म्हणजे जवळचं स्पष्ट आणि दूरचं धूसर. उणे पावणेतीनला सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते साधारण ३६ सेंटिमीटरवर. सुई ओवायला माणूस तिला तिथेच धरतो. दूरचं मात्र बिनचष्म्याचं ६/६०, आणि चष्मा लावूनही ६/१२. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, गाभा पिवळा. डावं भिंग वर्षापूर्वी होतं तसंच.

गोळीने चष्मा सोडवला नव्हता, मोतीबिंदूने सोडवला होता.

दुसरी गोष्ट काकांनी सहज सांगितली, तक्रार म्हणून नाही. एका शाळेच्या नेव्ही ब्लू पँटी त्यांनी काळ्या दोऱ्याने शिवल्या होत्या आणि त्या परत आल्या होत्या. "रीळ काढताना चूक झाली असेल." मी त्यांच्या पिशवीतला पांढऱ्या पॉपलीनचा तुकडा घेतला आणि एकेक डोळा झाकून बघायला लावलं. डाव्याने बघितल्यावर, "पॉपलीन." उजव्याने बघितल्यावर थांबले, तुकडा उलटापालटा केला, म्हणाले, "हे मांजरपाट आहे." पिवळा गाभा निळा प्रकाश अडवतो, म्हणून पांढरं कापड न धुतलेल्या मांजरपाटासारखं पिवळट वाटतं आणि निळं काळ्याकडे झुकतं. डावा डोळा चांगला होता, पण जवळच्या कामात बिनचष्म्याचा डावा धूसर. चष्मा सुटल्याच्या आनंदात काका सगळं शिवणकाम एकट्या उजव्यावर करत होते.

भिंगाच्या आत काय चाललं होतं

काकांना मी हे रिळावर समजावलं. त्यांच्याच पिशवीतलं रीळ टेबलावर ठेवलं. डोळ्याचं भिंग असंच गुंडाळलेलं असतं. सगळ्यांत आतला दोरा आईच्या पोटात असतानाचा. जन्मभर बाहेरून नवे पदर चढत राहतात, आतला एकही निघत नाही. या तंतूंनी पारदर्शक होण्यासाठी आपलं केंद्रक आणि ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही टाकून दिलेली असते, त्यामुळे आत नवं प्रथिन तयार होत नाही. जन्माच्या वेळी मिळालेल्या क्रिस्टॅलिन प्रथिनांवरच ऐंशी वर्षं काढायची. भिंगाला रक्तवाहिनीही नाही. जे काही पोचायचं ते बाहेरच्या द्रवातून झिरपत.

या प्रथिनांना ऑक्सिडीकरणापासून, सोप्या भाषेत गंजण्यापासून, वाचवणारा मुख्य रेणू ग्लुटाथायोन. तरुण भिंगात तो इतका भरलेला असतो की शरीरातल्या फार थोड्या ऊतींशी बरोबरी व्हावी. तो स्वतः ऑक्सिडीकृत होतो आणि प्रथिनांवरचे गंधकाचे गट वाचवतो. मग एक एन्झाइम त्याला पुन्हा पूर्वीसारखा करतं. पण हा कारखाना चालतो भिंगाच्या पृष्ठभागावरच्या पेशींत आणि बाहेरच्या पदरांत. गाभ्याला तिथूनच पुरवठा.

वयाबरोबर दोन गोष्टी घडतात. कारखान्यातल्या एन्झाइमांचं काम मंदावतं, ही एक. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी. ऑस्ट्रेलियातल्या रॉजर ट्रस्कॉट यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं की मध्यमवयानंतर भिंगाच्या बाहेरच्या आणि आतल्या भागांमध्ये एक अडसर तयार होतो आणि बाहेर तयार झालेलं ग्लुटाथायोन गाभ्यापर्यंत पूर्वीसारखं पोचत नाही. मोतीबिंदू नसलेल्या भिंगांतही हे दिसलं. त्याच सुमाराला गाभ्यातलं विरघळलेलं अल्फा-क्रिस्टॅलिनही संपत येतं. बिघडलेल्या प्रथिनांना सावरून धरणं हे त्याचं काम. म्हणजे पन्नाशीच्या भिंगात बाहेर साठा बराच शिल्लक असतो, आणि गाभा मात्र निराधार.

काकांनी रीळ उचललं आणि म्हणाले, "म्हणजे रंगात बुडवलं तर वरचे चार पदर रंगणार, आत कोरंच." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

आता जेलचा भाग. बाहेरच्या हवेत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या साधारण १६० मिलिमीटरइतका. निरोगी डोळ्यात भिंगाच्या मागे तो दहाच्या आत असतो. व्हिट्रिअस जेल हे राखतो. घट्ट असल्यामुळे पडद्याकडचा ऑक्सिजन तो भिंगापर्यंत हलू देत नाही, शिवाय त्यातलं क जीवनसत्त्व ऑक्सिजनशी संयोग करून तो संपवतं. जेल काढून त्या जागी खारं पाणी आलं की ही भिंत पडते. ऑक्सिजन नेमका गाभ्याला सोसत नाही, याचा जुना पुरावा स्वीडनचा आहे : १९८४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं की जास्त दाबाचा ऑक्सिजन दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांपैकी अनेकांची स्वच्छ भिंगं गाभ्यातून गढूळ झाली.

मग व्हिट्रिअस काढलेल्या प्रत्येकाला मोतीबिंदू होतो का? पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोनेक वर्षांत होतो. त्याहून तरुण रुग्णांत गाभ्याचा मोतीबिंदू इतक्या लवकर फार कमी दिसतो. शस्त्रक्रिया तीच, वाढलेला ऑक्सिजन तोच. तरुण गाभ्यापर्यंत ग्लुटाथायोन पोचतं, म्हाताऱ्या गाभ्यापर्यंत नाही. (मधुमेहामुळे ज्यांच्या पडद्याचा रक्तपुरवठा आटलेला असतो त्यांच्यातही हा मोतीबिंदू कमी दिसतो, कारण मुळात डोळ्यात ऑक्सिजनच कमी.) काकांच्या दोन डोळ्यांत वय एकच, बिडी एकच, गोळी एकच. फरक फक्त जेलचा होता.

पर्याय

गोळीचं काय करायचं, हा पहिला प्रश्न. काकांना ती सोडायची नव्हती.

याबाबतीत पुरावा दोन तोंडांनी बोलतो. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या साडेपाच हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २०११ मध्ये आला : ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व जास्त, त्यांच्यात मोतीबिंदू कमी. पण पेरू-आवळा खाणाऱ्याच्या आयुष्यात बाकीही बरंच बरं असतं. गोळ्या देऊन पाहिल्या तेव्हा चित्र वेगळं निघालं. मदुराईजवळच्या खेड्यांत ३५ ते ५० वयाच्या ७९८ लोकांवर पाच वर्षं चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीन, क आणि ई देऊनही मोतीबिंदूच्या वाढीत फरक नाही. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने २००१ मध्ये हेच सांगितलं होतं. उलट ग्लुटाथायोन आटलेल्या भिंगात क जीवनसत्त्व स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन प्रथिनांना चिकटतं आणि पिवळेपणात भर घालतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पडद्याच्या एका ठरावीक आजारात अशा गोळ्यांचा उपयोग आहे. काकांना तो आजार नव्हता.

मला खरी टोचणी होती बीटा-कॅरोटीनची. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ चा आहे : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. दिवसाला बंडलभर बिडी ओढणाऱ्या माणसाला ती गोळी मी लिहून दिली होती. चिठ्ठीवर अक्षर माझंच होतं.

काकूंच्या मोबाईलवर मोतीबिंदू विरघळवणाऱ्या थेंबांची जाहिरातही आली होती, एन-ॲसिटिल कार्नोसिनची. या थेंबांवरचा सगळा पुरावा २०१७ मध्ये एकत्र तपासला गेला आणि पटण्यासारखं काही हाती लागलं नाही. तो पर्याय दोन मिनिटांत संपला.

उरले तीन : चष्मा, थांबणं किंवा शस्त्रक्रिया. उजव्याला उणे पावणेतीन आणि डाव्याला अधिक अर्धा असा चष्मा दिला तर दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांचा आकार वेगळा होतो आणि डोकं गरगरतं. लगेच शस्त्रक्रिया करावी, तर समोर खूश असलेला माणूस आणि जूनचा हंगाम. थांबायचं ठरलं, दोन अटींवर : संध्याकाळनंतर मोटारसायकल नाही, आणि दोरा निवडताना जवळचा चष्मा लावून डाव्या डोळ्याने, दाराच्या उजेडात.

काय केलं

गोळी बंद केली. "माझं चुकलं, ही तुमच्यासाठी नव्हती," असं सांगितलं. काका थोडे खट्टू झाले. त्यांच्या लेखी ती चमत्काराची गोळी होती. बिडीचं प्रकरण लांबलं. गाभ्याच्या मोतीबिंदूशी धूम्रपानाचं नातं पक्कं आहे, पण छप्पन्नदा ऐकलेला उपदेश सत्तावन्नाव्यांदा कोण ऐकणार? बंडल अर्ध्यावर आलं, असं काकू म्हणाल्या. काकांनी मान डोलावली नाही, हलवलीही नाही.

दिवाळीनंतर नंबर उणे सव्वाचारवर गेला होता. आता स्पष्ट दिसायचं ते २४ सेंटिमीटरवर, म्हणजे नाक मशीनला लागायची वेळ आलेली. चष्मा लावूनही ६/२४. काकांनी स्वतःच तारीख मागितली : पौषात, लग्नं नसतात म्हणून.

कृत्रिम भिंगाचा नंबर कोणता धरायचा, यावर मात्र चर्चा झाली. मी सवयीने दूरचं स्पष्ट ठेवू म्हणालो. काकूंनी मध्येच विचारलं, "डॉक्टरसाहेब, यांचं पोट गाडीवर चालतं का सुईवर?" काकांनी वर्षभर उजव्याने जवळचं आणि डाव्याने दूरचं बघून काढलं होतं, डोळ्यांनी चाचणी आपसूक देऊन टाकली होती. मला शंका होती ती उजव्या डोळ्यात उरलेल्या किंचित लचक्याची, जवळच्या कामाला तोच डोळा द्यावा का? कागदावर खडूच्या रेघा मारून बघितल्या. काका म्हणाले, एवढ्याने कात्री चुकत नाही. उणे सव्वादोन धरलं. दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारं महागडं भिंग मी सुचवलंच नाही. झिल्लीने चुरगळलेल्या पडद्याला ते मानवत नाही.

जानेवारीत शस्त्रक्रिया केली. जेल काढलेल्या डोळ्याचा मोतीबिंदू हाताला वेगळा लागतो. मागे आधार नाही, त्यामुळे पाणी सोडताच भिंग खोल दबतं आणि बुबुळ ताणून रुग्णाला दुखतं. पाण्याची बाटली खाली घेतली, दुसऱ्या हाताच्या अवजाराने बुबुळाची कडा हलकेच उचलली, मग दाब समसमान झाला. गाभा ५९ व्या वर्षाच्या मानाने कडक होता. तुकडे नळीतून जाताना रंग दिसत होता, पातळ केलेल्या काकवीसारखा.

वेगळं काय करता आलं असतं

शहरातल्या सर्जनचा तो फोन. आजही मी कदाचित भिंग ठेवाच म्हणेन : झिल्लीने सुजलेल्या पडद्यावर डोळ्याची लांबी मोजताना चूक होऊ शकते आणि कृत्रिम भिंगाचा नंबर बिघडतो. पण "भिंग स्वच्छ आहे" हे कारण पुरेसं नव्हतं. ५७ व्या वर्षीचं स्वच्छ भिंग म्हणजे गाभ्याचा पुरवठा तुटत आलेलं भिंग. जेल काढला की ते किती दिवस स्वच्छ राहणार, हे ठाऊक होतं. निर्णय तोच राहिला असता, तरी दोन वर्षांत दुसरी शस्त्रक्रिया लागेल हे काकांना जुलैतच कळायला हवं होतं. त्यांना ते कळलं पेढे वाटून झाल्यावर.

मधल्या काळात मी त्यांना नोव्हेंबरनंतर थेट सात महिन्यांनी बघितलं. नंबर तीन-तीन महिन्यांनी तपासला असता, तर काळ्या दोऱ्याच्या पँटी वाचल्या असत्या. त्या उसवून पुन्हा शिवायला काकांचे चार दिवस गेले, कापडाला सुईची भोकं राहिली ती वेगळीच. गोळी सुरू केलेल्या दोन गिऱ्हाइकांनाही मी बोलावून घ्यायला हवं होतं. एक आपणहून आले. दुसऱ्यांचं मला माहीत नाही.

परिणाम

महिन्याभराने उजव्याचा नंबर उणे दोन आला. मशीनवर चष्मा लागत नाही. हाताने काजं करताना आणि सुई ओवताना एक नंबरचा चष्मा लावतात आणि त्याचा त्यांना थोडा राग आहे. दूरचं चष्म्याने ६/९. मोटारसायकल अंधारात अजून बंद, कारण आता काकू चालवू देत नाहीत.

त्या दिवशी पॉपलीनचा तोच तुकडा मी जपून ठेवलेला काढला. उजव्या डोळ्याने बघून काका हसले, "नीळ घातलीय." मग सवयीने डावा डोळा उघडला, उजवा झाकला. हाच डोळा वर्षभर आमचा पांढऱ्याचा दाखला होता. त्यांनी तुकडा खिडकीपाशी नेला, पुन्हा एक डोळा, पुन्हा दुसरा.

"डॉक्टर, हा डावा... मांजरपाट नाही म्हणणार. पण पॉपलीन दोन-चार वेळा धुतलेलं आहे."